उलट्या पिळाचं सूत

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा डोंगरांना नावं होती आणि रस्त्यांना नव्हती. त्या काळी एका राज्याच्या टोकाला, उघड्या माळाच्या कडेला, घोंगडी विणणाऱ्यांचं एक गाव होतं.

गाव कष्टाळू होतं. उजाडताच चरखे सुरू होत आणि दिवस बुडाला की माग थांबत. इथली घोंगडी राजाच्या कोठारात जात. गावाला त्याचा गर्व होता आणि तो गर्व रास्त होता.

पण गावात एक रीत होती, ती मात्र रास्त नव्हती. ओल्या डोळ्यांनी लोकरीला शिवायचं नाही. लोकरीजवळ रडलं की सूत कुजतं, असं कधीतरी कोणीतरी सांगितलं आणि सगळ्यांनी ऐकून घेतलं. आता विणकरांच्या गावात लोकर कुठे नसते? ओसरीवर लोकर, माळ्यावर लोकर, चुलीमागे लोकर, अंथरुणात लोकर. म्हणजे अख्ख्या गावात रडायला जागा नव्हती.

या रीतीला एक शेपूटही होतं. घरात माणूस मेलं की बारा दिवस माग बंद ठेवायचा. तेराव्या दिवशी तो सुरू करायचा, आणि त्यानंतर मेलेल्या माणसाचं नाव सुताजवळ घ्यायचं नाही. नाव घेतलं की सूत तुटतं म्हणे.

त्या गावात एक मुलगी होती. चौदावं संपून पंधरावं लागलेलं. तिची आई वारली. आईचं नाव पुढे येईल. गाव ते घेत नव्हतं, म्हणून गोष्टीलाही अजून घेता येत नाही.

आई डावखुरी होती. चरखा डाव्या हाताने उलटा फिरवायची, म्हणून तिच्या सुताला पीळ उलटा बसायचा. शिवाय काळ्या लोकरीत ती एक पांढरी तार घालायची. का, तर तिला आवडायची. असं सूत इतरांच्या सुतात मिसळता येत नाही. मिसळलं तर घोंगडी कोपऱ्याला मुरडते. म्हणून तिचं सूत बाजूला ठेवत आणि नुसतं काठाला वापरत.

नणंद, म्हणजे मुलीची आत्या, म्हणायची, "वहिनी, तुझं सूतसुद्धा तुझ्यासारखंच वाकडं."

आई हसायची आणि चरखा डाव्याच हाताने फिरवायची.

बारा दिवस संपले. तेराव्या दिवशी सकाळी आत्याने ओसरीवर चरखा मांडला आणि मुलीला म्हणाली, "बस. आता ही जागा तुझी."

मुलगी बसली. चरख्याची मूठ एकाच अंगाने झिजली होती, डाव्या हाताच्या अंगाने. मुलीने ते पाहिलं आणि तिचे डोळे भरले.

"ऊठ," आत्या म्हणाली. "समोर लोकर आहे."

"मग कुठे रडू?"

"रडायचं कशाला आता? बारा दिवस दिले होते की."

"आत्या, लोकर कशात धुता तुम्ही?"

"नदीत. का?"

"अख्ख्या नदीने ती कुजत नाही. माझ्या दोन थेंबांनी कुजेल?"

आत्याने हात उचलला. चापट ओसरीभर ऐकू गेली. बाप चार हातांवर मागाच्या खड्ड्यात बसला होता. त्याने ऐकलं. आडवं सूत नेणारा धोटा या हातातून त्या हातात टाकला. मान वर केली नाही.

मुलगी उठली आणि पळत सुटली.

कुठे जायचं हे तिला ठाऊक नव्हतं. गल्ली संपली, गावकूस मागे पडलं, माळ लागला. मेंढ्या दूरच्या रानात चरायला गेल्या होत्या. माळावर गवत, दगड आणि एक एकटी बाभूळ, एवढंच होतं. तिला आत्याचा राग आला होता. बापाचा त्याहून जास्त आला होता. आणि खरं सांगायचं तर आईचाही आला होता, मेली म्हणून. तो सगळा राग पायांत उतरला. छाती जळेपर्यंत ती पळाली आणि बाभळीपाशी आदळली तेव्हा तिच्या तोंडून जो आवाज निघाला, तो तिचा तिलाच ओळखू आला नाही.

जवळच दगडांत एक टिटवी अंड्यांवर बसली होती. ती चिडून उठली.

"पाय बघून टाक. चार अंडी आहेत माझी."

मुलगी हुंदके देतच राहिली.

"काय झालं?" टिटवीने विचारलं.

"आई मेली."

"मग ओरड. मी तर कावळा नुसता दिसला तरी ओरडते. लोक मला अपशकुनी म्हणतात. म्हणू देत. माझी अंडी शाबूत आहेत."

मुलगी पोटभर ओरडली, पोटभर रडली. मग उठली, ओढ्यावर तोंड धुतलं, कोरड्या डोळ्यांनी घरी आली आणि चरख्याला बसली.

त्या दिवसापासून ती रोज पळू लागली. सकाळचं काम उरकलं की माळ, बाभूळ, ओढा आणि परत. तेवढ्यावर तिचा पुढचा दिवस निघायचा. ज्या दिवशी पळता यायचं नाही, त्या दिवशी तिच्या हातून भांडी फुटत, सूत गुंतत आणि शब्दाला शब्द लागत.

गावाला हे खुपलं. विहिरीवर एक बाई म्हणाली, "काय गं, माळावर नवरा शोधायला जातेस का?"

"हो मावशी. बरा मिळाला तर तुमच्यासाठी आणते. आहे तो उंबऱ्यावर बसूनच असतो तुमचा."

बाया हसल्या, ती बाई सोडून. पण हसून झाल्यावर पुन्हा तेच. पोरीच्या अंगात वारं शिरलंय. पोर हातची जाणार. कुठे जाते, कोणाला भेटते, किती वेळ असते, हे सगळं गावाने विचारलं. का पळतेस, हे एकानेही विचारलं नाही. एका पाखराने विचारलं होतं ते तेवढंच.

मग एका सकाळी बापाने पाटलाच्या घोंगडीचा ताणा गल्लीत लावला. ताणा म्हणजे उभं सूत. शेकडो तारा देवळापासून चिंचेपर्यंत ताणायच्या, त्यांना कुंच्याने चिंचोक्याची खळ लावायची आणि सुकू द्यायचं. सुकेपर्यंत तो कोणी ओलांडायचा नाही. कुत्र्यालाही लोक मागे हाकलत.

त्याच सकाळी आत्या घर आवरत होती. आईचं पांघरायचं घोंगडं तिने खुंटीवरून काढलं. काठाला काळंपांढरं सूत होतं त्याच्या. ते तिने गोठ्यात नेऊन वासराखाली अंथरलं.

मुलीने पाहिलं. घोंगडं तिने वासराखालून ओढून काढलं, दावणीवर टाकलं आणि ती पळाली. गल्लीत समोर ताणा होता. वळसा घालायला देवळामागून वाट होती. तिने वळसा घातला नाही. ती सरळ ताण्यातून गेली. तारा तटातट तुटल्या. खळीने माखलेल्या पायांनी ती माळाला लागली.

संध्याकाळी चावडीवर पंच जमले. आजवर गावात असं कोणी केलं नव्हतं. एक म्हणाला, गुराला अडकवतात तसं लोढणं हिच्या गळ्यात अडकवा. दुसरा म्हणाला, पायात अडकवा, पळते ती पायांनी. बाप कोपऱ्यात उकिडवा बसून होता.

पाटील मात्र बाहेर माळाकडे बघत होता. ताणा त्याचा तुटला होता. त्याने सगळ्यात जास्त चिडायला हवं होतं, पण तो भलताच विचार करत होता.

"तारा तुटल्याचा आवाज आला म्हणून मी ओसरीवर आलो," तो म्हणाला. "ओसरीवर येईपर्यंत ही बाभळीला पोचली होती."

सगळ्यांना एकच गोष्ट आठवली.

गोष्ट अशी होती. नदीपलीकडे दुसरं एक विणकरांचं गाव होतं. लोकर धुवायला नदीला दोन घाट होते. वरच्या घाटाला स्वच्छ पाणी मिळे. खालच्या घाटाला वरच्यांनी धुतलेलं मेंढ्यांचं घाण पाणी येई. वरच्या घाटावरून दोन्ही गावं दरसाल एकमेकांची डोकी फोडायची. राजा कंटाळला. त्याने हुकूम काढला की हातांनी भांडू नका, पायांनी भांडा. दरसाल दोन्ही गावांनी एकेक धावणारा द्यावा. शेवटी आडवं सूत धरावं. ज्याच्या छातीने सूत तुटेल, त्याच्या गावाला वर्षभर वरचा घाट. धावणाऱ्याला मिसरूड फुटलेलं नसावं, एवढी एकच अट.

पाटलाचं गाव सलग तीन वर्षं हरलं होतं.

"हुकमात मिसरूड नसावं असं आहे," पाटील म्हणाला. "मुलगा असावा असं कुठे आहे?"

शिक्षा ठरली. मुलीने गावासाठी पळायचं.

काल जे पळणं लाज होतं, ते आज गावाची अब्रू झालं. माणसं अशीच असतात.

दुसऱ्या दिवसापासून ती माळावर निघाली की मागून गाव निघू लागलं. पुढे हलगीवाला, मागे पोरंटोरं. बाभळीपर्यंत चुन्याच्या रेघा मारल्या. आत्याने माळाच्या कडेला चरखा मांडला. मुलगी बाभळीला जाऊन येईपर्यंत चरख्याचे किती फेरे होतात, ते ती मोठ्याने मोजायची. काल नव्वद, आज पंच्याऐंशी. फेरे कमी झाले की लोक टाळ्या वाजवत. वाढले की विचारत, "काय गं, जेवली नाहीस का?"

पोरांच्या धावपळीत टिटवीची अंडी पायांखाली गेली. टिटवी दिवसभर माळावर घिरट्या घालत ओरडली आणि मग दिसेनाशी झाली.

मुलगी बाभळीपाशी पोचायची तेव्हा तिथे चार माणसं तिला परत फिरवायला उभी असत. हुंदका वर यायचा आणि ती तो गिळायची. राग आता पायांतून बाहेर पडेना. न पिंजलेली लोकर पोत्यात दाबून भरावी तसा तो पोटात घट्ट बसला.

एका दुपारी ती बापासमोर जाऊन उभी राहिली. "बा, त्यांना सांग. मला एकटीला पळू दे."

धोटा थांबला नाही. "गावच्या पाण्याचा सवाल आहे, पोरी. आठ दिवस राहिलेत. सोस."

"आणि मग?"

"मग काय. मग जिंकलीस की सगळं ठीक."

"काय ठीक, बा?"

बापाने सूत जोडायच्या निमित्ताने मान खाली घातली. तो वाईट माणूस नव्हता. पण गप्प बसणाऱ्याच्या हातूनही पाप होतं, आणि त्याचं त्याला कळत नाही.

शर्यतीचा दिवस उजाडला. दोन्ही गावं माळावर लोटली. गावकुसापासून निघायचं, बाभळीला वळसा घालायचा आणि परत यायचं. पलीकडच्या गावाने लांब तंगड्यांचा एक पोरगा आणला होता. मुलीला बघून तो हसला. शर्यत सुटली आणि पन्नास पावलांत त्याचं हसू मावळलं.

इकडे आडवं धरायला सूत हवं होतं. पाटलाने आत्याला विचारलं, "सुताचा एखादा गुंडा आहे का?"

"माळ्यावर एक पडलाय," आत्या म्हणाली. "नाहीतरी विणायच्या कामाचा नाही."

तिच्या मनात काही वाईट नव्हतं. तिला ते वाया गेलेलं सूत वाटलं, एवढंच. तिने गुंडा आणून दिला. सुताचं एक टोक धरायचा मान पाटलाने स्वतःकडे घेतला. दुसरं टोक मुलीच्या बापाला दिलं.

बाभळीला वळसा घालून मुलगी परत फिरली तेव्हा पोरगा बराच मागे होता. लोक ओरडत होते, हलगी वाजत होती. साठ पावलं राहिली, चाळीस राहिली, वीस राहिली. समोर सूत ताणलेलं होतं. काळं सूत, आणि त्यात मधूनमधून चमकणारी एक पांढरी तार.

मुलीची पावलं मंदावली. दहा पावलांवर ती चालू लागली. सुताशी येऊन ती थांबली.

"तोड," पाटील म्हणाला. "अगं, तोड की."

तिने सूत तोडलं नाही. दोन बोटांत धरून चोळलं. पीळ उलटा होता. मग तिने बापाकडे पाहिलं.

"बा, जन्मभर सूत हाताळतोस. तुझ्या बोटांना कळलं नाही?"

बापाची बोटं सुतावरच होती. "कळलं," तो म्हणाला.

"कधी?"

"हातात आलं तेव्हाच."

"आणि तरी धरून उभा राहिलास? मी माझ्या छातीने तोडावं म्हणून?"

मागून पोरग्याची पावलं ऐकू येऊ लागली. पाटील दातओठ खाऊ लागला. मुलगी सगळ्या गावाकडे वळली. महिनाभर पोटात दाबलेलं सगळं तिच्या तोंडी आलं, पण शब्द थोडेच निघाले.

"हे सूत भिवराचं आहे. माझ्या आईचं. भिवरा नाव होतं तिचं."

गर्दीतल्या बाया मागे सरकल्या. आत्याने कानांवर हात ठेवले. सगळ्यांचे डोळे सुताकडे लागले. नाव घेतलं होतं, तेही सूत हातात असताना.

सूत तुटलं नाही.

"सोड, बा," मुलगी म्हणाली. बापाने टोक सोडलं. तिने पाटलाच्या मुठीतून दुसरंही टोक ओढून घेतलं आणि सूत हातावर गुंडाळू लागली. तेवढ्यात पोरगा धापा टाकत आला आणि समोर काहीच नाही हे बघून गोंधळून उभा राहिला.

"आता काय तोडू?" त्याने विचारलं.

"रेघ ओलांड, मुडद्या," त्याच्या गावचा म्हातारा मागून म्हणाला. त्याने रेघ ओलांडली. वरचा घाट पलीकडच्या गावाकडेच राहिला.

मुलगी पळाली नाही. तिथेच, भर गर्दीत, मातीत बसली आणि सुताचा गुंडा मांडीवर घेऊन रडली. लपून नाही, तोंड फिरवून नाही. सूत ओलं झालं, आणि लोकर ओली होते तेवढंच ओलं झालं.

"पाणी घालवलंस गावाचं," पाटील म्हणाला. रागाने त्याचा आवाज फाटला होता. "आणा रे ते लोढणं."

बाप पुढे आला. मागाच्या खड्ड्यात बसून त्याचे गुडघे आखडले होते, तरी तो मुलीच्या आणि पाटलाच्या मध्ये उभा राहिला.

"आधी माझ्या गळ्यात घाला," तो म्हणाला. "ती पळत होती, तरी तिने लांबून ओळखलं. सूत माझ्या हातात होतं. ओळखून गप्प राहिलो तो मी. आणि पाटील, तुमच्याही घरातून दोन वर्षांपूर्वी एक लेकरू गेलं. त्याचं नाव मला आठवतं. तुम्ही घेता का कधी?"

पाटलाने मान फिरवली. लोढणं कोणी आणलं नाही.

त्या संध्याकाळी गावात सगळे माग चालू होते, एक सोडून. बापाने धोटा खाली ठेवला आणि तो खड्ड्यातून वर आला. मुलीसमोर बसला.

"का पळतेस गं?" त्याने विचारलं.

"ऐकायला वेळ आहे तुला?"

"माग बंद केलाय," बाप म्हणाला.

ते किती वेळ बोलले, आणि कोण जास्त रडलं, हे त्या घराचं त्या घराला ठाऊक. आत्या चुलीपाशी होती. तिने ऐकलं, पण कोणाला ऊठ म्हणाली नाही. गोठ्याच्या दावणीवरचं घोंगडं मात्र तिने झटकून पुन्हा खुंटीला लावलं.

गावाला आणखी एक वर्ष खालचाच घाट मिळाला. लोकर दुसऱ्यांच्या मेंढ्यांच्या घाणीत धुतली गेली. घोंगड्यांचा वास आता लपेना. राजाच्या कोठारातून घोंगडी परत आली, आणि ज्या घोंगडीचा गर्व होता तीच अंगावर घेताना गाव नाक मुरडू लागलं. पाटलाला रोज रात्री पांघरूण ओढलं की ती मुलगी आठवायची. आठवू दे. त्याला आठवायलाच हवी होती.

वर्ष सरलं. पुढच्या शर्यतीला आठ दिवस उरले तेव्हा पाटील मुलीच्या दारात आला. आवाज मऊ होता.

"यंदा पळशील का, बाई? झालं गेलं सोडून दे."

मुलगी चरखा फिरवत होती, डाव्या हाताने. ती डावखुरी नव्हती. तिने मुद्दाम शिकून घेतलं होतं.

"मी रोज पळते, पाटील," ती म्हणाली. "पण तुमच्यासाठी नाही. माझं तेवढं एकच होतं. ते तुम्ही चुन्याच्या रेघा मारून मोजलंत. या वर्षी दुसरं कोणी बघा. आणि माळावर येऊ नका. तिथे टिटवीने पुन्हा अंडी घातलीत."

पाटील आल्या पावली परत गेला. त्या वर्षीही गाव हरलं.

कोवळ्या वयाचं पोर धावत सुटलं की ते किती धावतं हे मोजू नका. का धावतं ते विचारा, आणि विचारायची हिंमत नसेल तर निदान त्याच्या वाटेतून बाजूला व्हा.